तबकडी, दाखल क्रमांक १८४१२

ज्या रविवारी आमच्या वाचनालयाचा संगणक मुका झाला, त्याच रविवारी त्याला मुका करणाऱ्या तरुणाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. अवधूत हा आमचे कार्यवाह श्रीधरपंत आगाशे यांचा भाचा. तो हिंजवडीत नोकरीला आहे आणि वर्षातून एक रविवार समाजासाठी राखून ठेवतो. यंदा समाज म्हणून आमची निवड झाली. “मामा, ह्यातली विंडोज पुरातत्त्व खात्याला द्यायच्या लायकीची आहे,” असे म्हणत त्याने पंधरा वर्षांचा तो डेस्कटॉप पुसून कोरा केला, त्यावर नवी विंडोज आणि जुने प्रोग्राम चढवले, आणि पूर्वी चहा संपेपर्यंत सुरू न होणारे यंत्र चहा ओतेपर्यंत सुरू होऊ लागले. टाळ्या पडल्या. त्या गजरात यंत्राचा आवाज मात्र गेला आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. शनिवार पेठेतील आमच्या ज्ञानसंवर्धक वाचनालयात ‘शांतता राखा’ हा एकच नियम आजवर यशस्वी झालेला आहे. तिथे शांततेची तक्रार कोण करणार?

तक्रार सोमवारी अकरा वाजता रिक्षातून उतरली.

रुकसाना अत्तार, म्हणजे आमच्या अत्तारबाई, एकतीस वर्षे महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. पुढे काचबिंदूने, दुकानदार संध्याकाळी एकेक फळी लावत दुकान बंद करतो तशी, त्यांची नजर कडेकडेने बंद करत आणली. शेवटची फळी लागून सहा वर्षे झाली. तेव्हापासून त्या रोज आमच्या श्रवणकक्षात येतात. श्रवणकक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, एक खुर्ची आणि तो संगणक. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एक प्रोग्राम त्यात आहे. त्याच्या आवाजाला चढ नाही, उतार नाही, दया नाही. बाईंनी त्याचे नाव ‘हवालदार’ ठेवले आहे, कारण तो कवितासुद्धा हजेरी घेतल्यासारखी वाचतो. मी आठवड्याला एका कादंबरीचे एक प्रकरण घरी टाइप करतो आणि पेनड्राइव्हवरून त्यात घालतो. मराठीत एम.ए. करून सहायक ग्रंथपाल झालेल्या माणसाला एवढे उपयुक्त काम क्वचितच मिळते.

त्या सोमवारी बाईंनी हेडफोन लावला, काढला, स्पीकर लावून पाहिला, स्पीकरवर तळहात ठेवला.

“केदार, ह्याला झालंय काय? हवालदार रजेवर?”

पडद्यावर स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती. मी ती त्यांना सांगितली.

“स्पीकर धडधाकट आहे,” त्या म्हणाल्या. “हाताला घरघर लागतेय. आतून कोणी बोलत नाहीये, एवढंच.”

“बाई, एकोणिसावं प्रकरण मी वाचून दाखवू?”

अठराव्या प्रकरणाच्या अखेरीस नायिकेने घराच्या किल्ल्या नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या होत्या. पुढे काय, या प्रश्नावर बाई शुक्रवारपासून अडकल्या होत्या.

“नको रे. तू वाचतोस तेव्हा प्रत्येक वाक्यात तुझा उसासा मिसळतो. मग किल्ल्या तिनं दिल्या की तू, ते कळत नाही. हवालदाराला स्वतःचं मत नाही, म्हणून मला माझं ठेवता येतं.” मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आणि मला कोणाकडून वाचून घ्यायचं नाहीये. मला वाचायचंय.”

मी ही गोष्ट श्रीधरपंतांच्या कानावर घातली. ते बँकेतून निवृत्त झालेले, नियमावर जीव असणारे गृहस्थ आहेत. भाच्याने केलेल्या कामात दोष असू शकतो ही शक्यता त्यांनी चष्मा पुसता पुसता निकालात काढली.

“म्हणजे संगणक मुका आहे. श्रवणकक्षात मुका संगणक. अहो, मग श्रवणकक्षच कशाला? शनिवारच्या सभेत विषय घेऊ. संगणक निर्लेखित करू, म्हणजे नोंदवहीतून वजा करू, भंगारवाल्याला टेम्पो घेऊन बोलावतो, आणि त्या खोलीत माजी पदाधिकाऱ्यांच्या तसबिरी लावू. अकरा तसबिरी गेली चार वर्षं कपाटावर पालथ्या पडल्या आहेत.”

भिंतीवर बारा खिळे आधीच ठोकलेले होते. बारावा कोणासाठी, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे.

“पण दोन-अडीचशे रुपयांत बाहेरून लावायचं साउंड कार्ड मिळतं,” मी म्हणालो.

“खरेदीला तीन दरपत्रकं लागतात. सीलबंद.”

“मी माझ्या पैशानं आणतो.”

“म्हणजे देणगी. देणगी स्वीकारायला ठराव लागतो. ठरावाला सभा लागते. सभा शनिवारी आहे, आणि तिच्यात संगणक निर्लेखित व्हायचा आहे. निर्लेखित वस्तूला देणगी कशी स्वीकारणार, केदारराव?” ते समाधानाने हसले. “दुरुस्तीला मात्र माझी हरकत नाही. आहे त्या सामानात करा.”

अशा रीतीने मी आहे त्या सामानात आवाज शोधायला बसलो.

ज्याने कधी जुन्या संगणकासाठी साउंड ड्रायव्हर शोधला नाही, त्याला आश्वासनांचे खरे स्वरूप कळलेले नसते. मी संगणकाचे नाव घालून शोध घेतला, आणि पडद्यावर हिरवी बटणे श्रावणातल्या गवतासारखी उगवली. ‘येथून उतरवा.’ ‘खरे बटण हे.’ ‘यापेक्षा खरे हे.’ पहिल्याने हवामानाचा अंदाज सांगणारे काहीतरी बसवले. दुसऱ्याने संगणक तपासून, त्यात सदतीस ड्रायव्हर कालबाह्य असून परिस्थिती गंभीर आहे, असे लाल अक्षरांत कळवले. तिसऱ्याने ‘ध्वनी यशस्वीरीत्या स्थापित झाला’ असे मान्य केले आणि संगणक पूर्वीइतकाच गप्प राहिला. ज्या कंपनीने आतला मुख्य बोर्ड बनवला होता, ती केव्हाच बुडाली होती. तिच्या संकेतस्थळाच्या पत्त्यावर आता कोणी केसगळतीवरचे तेल विकत होते. त्या तेलाची जाहिरात मूक होती की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

बुधवारी मी हार मानून बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतल्या तौफिककडे गेलो. जिन्याच्या वळणावर, दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याला श्वास आत घेता येणार नाही, एवढे त्याचे दुकान आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यामागून वाचनालयात आला. संगणकाचे झाकण काढले. मोबाइलच्या उजेडात बोर्डावरच्या एका चिमुकल्या काळ्या चौकोनावरचा नंबर वाचला.

“सर, कार्ड ठीक आहे, स्पीकर ठीक आहे. मधला माणूस गेलाय. ड्रायव्हर म्हणजे काय, दुभाषी. विंडोज बोलते एक भाषा, ही चिप समजते दुसरी. भाचेसाहेबांनी घर साफ करताना दुभाष्याला पण बाहेर काढला.”

“दुसरा नाही मिळणार?”

“दुसऱ्या चिपांचे पन्नास मिळतील. ही बिरादरीच वेगळी आहे. थोडे दिवस बनली, मग बंद.” त्याने झाकण बसवले. “ह्याच्याबरोबर नवीन असताना एक सीडी आली असेल. ती शोधा. नव्या विंडोजवर जुना ड्रायव्हर कधी कधी जबरदस्तीनं बसतो. जमलं तर जमलं.”

सीडी! मी थेट दाखल नोंदवहीकडे धावलो, कारण आमच्या वाचनालयात वस्तू हरवू शकते, तिची नोंद हरवू शकत नाही. माझ्या आधीच्या ग्रंथपालांचा असा दंडक होता की उंबऱ्याच्या आत आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळाला पाहिजे. त्यांच्या काळात वजनकाट्याला, जिन्याखालच्या शिडीला आणि एका भेट मिळालेल्या कुंडीलाही दाखल क्रमांक होते. कुंडीतले रोप वाळल्यावर ते ‘जीर्ण’ म्हणून रीतसर वजा केलेले होते. संगणकाच्या खोक्यातली सीडी त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. ती होती. दाखल क्रमांक १८४१२. ‘तबकडी, चकचकीत, एक.’ आणि पुढच्या रकान्यात, सुवाच्य निळ्या शाईत, तिचा पुढचा प्रवास होता. तीन मार्च दोन हजार चौदा रोजी ती सभासद क्रमांक ६११, सौ. मंदाकिनी दातार, कोथरूड, यांना घरी नेण्यास देण्यात आली होती. परतीचा रकाना कोरा होता.

संगणकाचा आवाज ज्या तबकडीत साठवलेला, ती आम्ही एका सभासदाला वाचायला दिली होती.

गुरुवारी सकाळी मी कोथरूडला गेलो. दातारांच्या दारावर पाटी होती: ‘बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते; उठायला वेळ लागतो.’ मी एकदाच वाजवली आणि त्या पाटीचा प्रत्येक शब्द खरा ठरेपर्यंत उभा राहिलो.

मंदाकिनीबाई सत्तरीच्या, काटक. मी क्रमांक सांगताच त्यांनी मला आत न घेताच विचारले, “आता आठवण झाली होय?”

“आपण ती नेली कशासाठी होती? म्हणजे, ती ऐकण्यासारखी काही…”

“ऐकायची कशाला? तुमचाच नियम होता, दोन पुस्तकांवर एक सीडी नेता येईल. मी वर्गणी पूर्ण भरते. मग सीडी का सोडायची? दर खेपेला एक न्यायचे. परत करायचे. ही एक परत करायला आले, तर तुमचे ते आगाशे म्हणाले, सीडी विभाग ठरावानं बंद झालाय, परतावा स्वीकारता येत नाही.”

“तोंडी म्हणाले?”

“तोंडी मी कोणाचं ऐकत नाही.” त्या आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कागद घेऊन आल्या. त्यांचा अर्ज, आमचा शिक्का, आणि खाली श्रीधरपंतांच्या हस्ताक्षरात: ‘विभाग अस्तित्वात नाही. सबब वस्तू अर्जदाराने स्वतःजवळ ठेवावी.’

“ठेवली,” मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि गॅलरीकडे बोट दाखवले.

गॅलरीत नायलॉनच्या दोरीवर अकरा सीड्या लटकत होत्या. कबुतरांनी बसू नये म्हणून. कोथरूडच्या उन्हात त्या हळूहळू फिरत होत्या आणि भिंतीवर उजेडाची गोल नाणी सरकत होती. त्या नाण्यांपैकी एकात अत्तारबाईंचा हवालदार होता.

“मधली तुमची. बाकीच्या दहा घरच्या, गाण्याबिण्याच्या. कबुतरं त्यांना भीक घालत नाहीत. तुमचीलाच घाबरतात. ती काढली तर माझ्या कुंड्यांचं काय?”

मी त्यांना अत्तारबाईंबद्दल सांगितले. किल्ल्यांपर्यंत सगळे. त्या ऐकत होत्या आणि दोरीकडे पाहत होत्या.

“नवऱ्याला किल्ल्या दिल्या? आणि पुढे?”

“तेच त्यांना कळायचंय.”

“हं.” त्यांनी स्टूल ओढले. “चढा तुम्ही. पण पोच पाहिजे. शिक्क्यासकट. विभाग असो नसो.”

पोच देण्याचा मला अधिकार नव्हता. मी संध्याकाळी शिक्का चोरल्यासारखा वापरला आणि पोच शुक्रवारी त्यांच्या हातात नेऊन दिली. नोकरीत माझ्या हातून घडलेला तो पहिला गैरव्यवहार, आणि अजून तरी एकमेव.

तबकडीच्या पाठीवर बारा वर्षांचे ऊन होते, पावसाचे वाळलेले थेंब होते, आणि एका धाडसी कबुतराची सही होती. तौफिकने ती शुक्रवारी दुकानात ओल्या फडक्याने पुसली, मग तो तिला टूथपेस्ट लावून मऊ कापडाने मधून बाहेर, मधून बाहेर, अशी घासत बसला. वाचनालयात आणल्यावर संगणकाने ती गिळली आणि कण्हत बाहेर टाकली. “उद्या परत घासतो,” तो म्हणाला. “उद्या पाच वाजेपर्यंत आहे ना वेळ?”

पाच वाजता सभा होती.

आमच्या सभांची एक पद्धत इथे सांगितली पाहिजे. इतर संस्थांत सभा झाल्यावर इतिवृत्त लिहितात. श्रीधरपंतांच्या मते त्यात चुका राहतात. म्हणून ते आदल्या दिवशीच संपूर्ण इतिवृत्त टाइप करून ठेवतात आणि सभा त्याबरहुकूम पार पाडतात. शेवटी ते मोठ्याने वाचून दाखवायचे, सभासदांनी ‘बरोबर’ म्हणायचे, आणि सही. वाचनालयात संगणक एकच, तेव्हा मुका झालेल्या संगणकावरच त्यांनी शुक्रवारी त्याच्या निर्लेखनाचे इतिवृत्त टाइप केले होते. त्याने ते निमूटपणे उतरवून घेतले.

शनिवारी पाच वाजता दालनात सात सभासद, अध्यक्ष आणि श्रीधरपंत बसले. दारात टेम्पो लागला होता. त्याचा चालक समाधान, तंबाखू मळत, “कोणतं सामान?” असे दर पाच मिनिटांनी आत डोकावून विचारत होता. फळ्यांच्या भिंतीपलीकडे, श्रवणकक्षात, तौफिक गुडघ्यांवर, मी दारात, आणि अत्तारबाई आपल्या खुर्चीत.

तबकडी तिसऱ्या प्रयत्नाला फिरू लागली. आतून एखादा पंख अडकल्यासारखा फडफडाट झाला. एकेक फाइल उतरत होती. पंचाण्णव टक्क्यांवर आकडा थांबला, आणि आम्ही दोघे त्या आकड्याकडे, बाई त्या फडफडाटाकडे, लक्ष देऊन बसलो. मग तो पुढे सरकला. तौफिकने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

“काही येतंय का?” त्याने स्पीकरचे बटण शेवटपर्यंत पिळले.

“सरक,” बाई म्हणाल्या. “मी बघते.” त्यांची बोटे कळफलकावर उतरली, बाणांच्या कळा सापडल्या, आणि पहिली जी फाइल हाताला लागली ती त्यांनी उघडली.

“ज्ञान संवर्धक वाचनालय,” हवालदार गरजला.

दालनातला आवाज थांबला. बाईंच्या चेहऱ्यावरची एक फळी कोणीतरी आतून काढली.

“कार्यकारिणी सभेचे इतिवृत्त. विषय एक. मागील इतिवृत्त कायम. विषय दोन. पंखा दुरुस्ती, चर्चेअंती लांबणीवर. विषय तीन. तसबिरींची व्यवस्था, श्री. आगाशे यांच्या दूरदृष्टीबद्दल अभिनंदन. विषय चार. श्रवणकक्षातील संगणक मूक असल्याने निर्लेखित करण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर. पाच वाजून पन्नास मिनिटांनी सभा आभारपूर्वक समाप्त.”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून बावीस मिनिटे झाली होती. सभा विषय दोनवर, पंख्यापाशी होती. तरीही समाप्त हा शब्द ऐकताच दोन सभासद सवयीने उठले आणि चपला शोधू लागले.

“बसा!” श्रीधरपंत ओरडले. “हे कोण वाचतंय?”

“संगणक,” अत्तारबाई काठी टेकत दारात येऊन म्हणाल्या. “अध्यक्ष महाराज, सभासद म्हणून माझी हरकत आहे. इतिवृत्तात एक शब्द चुकीचा आहे. ‘मूक.’”

“बाई, ते इतिवृत्त काल लिहिलं. काल तो मूकच होता.”

“पण तारीख आजची घातली आहे तुम्ही, आगाशे. आज तो बोलतो. सगळ्यांनी ऐकलंय.”

समितीत कोणी संगणकाच्या बाजूचे नव्हते, आणि बाईंच्याही नव्हते. परंतु श्रीधरपंत एका गोष्टीच्या बाजूचे जन्मभर राहिले होते: चुकीच्या शब्दाखाली ते सही करीत नाहीत. त्यांनी छापील प्रत पुढे ओढली, लाल पेन उघडले आणि ‘मूक’ हा शब्द खोडला. मग त्यांनी उरलेले वाक्य मोठ्याने वाचले.

“श्रवणकक्षातील संगणक… असल्याने… निर्लेखित करण्यात येत आहे.”

त्यांनी ते पुन्हा, जरा सावकाश वाचले.

“हे बरोबर नाही,” ते अत्यंत दुःखाने म्हणाले.

“मग ‘जुना’ घाला,” एक सभासद घाईने म्हणाले. त्यांना चपला सापडल्या होत्या.

“घटनेत निर्लेखनाची कारणं दोनच आहेत. मोडलेला किंवा हरवलेला. जुना हे कारण नाही. जुना म्हणून काढायचं ठरवलं तर…” श्रीधरपंतांची नजर टेबलाभोवती एकदा फिरली. सगळ्यात तरुण सभासद बासष्ट वर्षांचे होते. “विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब.”

आमच्याकडे तहकूब झालेला विषय नंतर कोणी पाहिलेला नाही.

“मग मी काय नेऊ?” समाधानने दारातून विचारले.

“पुढच्या महिन्यात या,” श्रीधरपंत म्हणाले. तो टेम्पो रिकामाच घेऊन गेला, आणि बारा खिळे भिंतीवर तसेच राहिले.

सभा उठल्यावर मी पेनड्राइव्ह लावला. तौफिकने आवाज कमी केला, सीडी दोन बोटांत धरून खिडकीपाशी जरा फिरवली आणि माझ्या हातात दिली. “आता हिला जपा. तिच्यातलं सगळं मी दोन ठिकाणी ठेवलंय, पण तरी.” बाईंनी हात वर करून आम्हांला गप्प केले.

“प्रकरण एकोणीस,” हवालदार म्हणाला. “किल्ल्या त्याच्या तळहातावर थंड होत्या. तिच्या हातात त्या कधीच थंड झाल्या नव्हत्या.”

हे वाक्य मीच टाइप केले होते. मी ते त्या क्षणापर्यंत वाचलेले नव्हते. त्या कोरड्या, दगडी आवाजात ते माझ्यापाशी आले, आणि त्यात माझा उसासा कुठेही नव्हता.

पुढच्या गुरुवारी बाई विसाव्या प्रकरणात असताना मेल आला. हवालदाराने न विचारता तो वाचायला घेतला. मंदाकिनी दातार कळवीत होत्या की तबकडी नेल्यापासून गॅलरीत कबुतरे परतली आहेत. नियमानुसार दोन पुस्तकांवर एक सीडी मिळण्याचा त्यांचा हक्क विभाग बंद झाल्याने संपत नाही. तरी तितकीच परिणामकारक दुसरी सीडी पाठवावी. आणि ताजा कलम: त्या किल्ल्यांचे पुढे काय झाले?

मी कपाट उघडले. सीडी विभागातून एकच तबकडी उरली होती, वार्षिक समारंभाची, श्रीधरपंतांच्या पाऊण तासाच्या भाषणाची. ती पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आले: ‘उत्तम. एकही कबूतर फिरकत नाही.’

अत्तारबाई इतक्या हसल्या की त्यांना हेडफोन काढावा लागला.

“आगाश्यांना दाखवू नकोस,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “आणि मंदाकिनीबाईंना लिही, पुढे काय झालं ते मी सांगणार नाही. स्वतः वाचा म्हणावं. ह्या खोलीत दुसरी खुर्ची मावते.”